कोकम सिरप, लिंबू आणि फेणी: माप एकच, मग एक आंबट आणि एक गोड का?

हां, तर प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही फोंड्याला घरी दोन सिरपं केलीत, एक सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) भिजवून कोकमाचं आणि दुसरं अननसाचा रस काढून त्यात तेवढीच साखर विरघळवून. मग दोन्हीची कॉकटेलं एकाच मापाने केलीत, काजू फेणी ६० मिली, सिरप ३० मिली, एका लिंबाचा रस, बर्फ घालून हलवलं. कोकमाचं पिऊन दात आंबले, अननसाचं वाढदिवसाच्या सरबतासारखं गोडमिट्ट झालं, आणि आठवड्याभरात अननसाच्या बाटलीचं बूच फट्‌ करून उडालं. आता तुम्ही विचारताय की फेणीच चुकीची आणली का.

नाही दादा, फेणीचा काही दोष नाही. बारमागे बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे फळाचं सिरप हे साखरेचं पाणी नाही. त्यात फळाची स्वतःची साखर असते, फळाची आंबट असते, कधी तुरटपणा, कधी मीठ. रेसिपीत जिथे नुसतं "सिरप" लिहिलेलं असतं तिथे लिहिणाऱ्याच्या डोक्यात साधं साखर-पाणी असतं, आणि आपण तिथे कोकम ओततो. मग हिशोब बिघडणारच ना.

हिशोब म्हणजे काय ते एकदा नीट बघू, पुढचं सगळं त्यावरच आहे. लिंबू-साखर-दारू या जातीच्या ड्रिंकला सॉर म्हणतात आणि त्याचं चालू माप साधारण ६० मिली दारू, २२ मिली लिंबाचा रस, २२ मिली साधं सिरप. साधं सिरप म्हणजे वजनाने साखर आणि पाणी सारखं, वाटीने नाही, वजनाने, किचनचा छोटा काटा असेल तर तो काढा. २२ मिली सिरपात साडेतेरा ग्रॅमच्या आसपास साखर जाते. आपल्या कागदी लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं, म्हणजे २२ मिलीत सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. आम्लाच्या दहापट साखर असली की जिभेला बरं वाटतं, कोणाला थोडी कमी आवडते कोणाला थोडी जास्त, पण आसपास तेवढीच.

आता तुमचं अननस घ्या. रस १०० ग्रॅम आणि साखर १०० ग्रॅम. पण पिकलेल्या अननसाच्या रसात आधीच १२-१३ टक्के साखर असते, म्हणजे तुमच्या २०० ग्रॅम सिरपात ११२ ग्रॅमच्या आसपास साखर झाली, साध्या सिरपापेक्षा घट्ट. त्यात तुम्ही २२ नाही तर ३० मिली घातलंत, म्हणजे एका ग्लासात जवळपास २१ ग्रॅम साखर, चार-पाच चमचे. आणि समोर आंबट किती तर "एका लिंबाचा रस". बाजारातलं बारीक लिंबू १२-१५ मिली रस देतं, उन्हाळ्यातलं सुकट लिंबू त्याहून कमी. साखर दीडपट, लिंबू अर्धं, मग सरबत होणार नाही तर काय होणार. उलट कोकमाच्या सिरपात आंबट आधीच भरलेली, त्यावर तुम्ही लिंबू पिळलंत.

म्हणून कुठलंही नवीन सिरप केलं की पहिलं काम, एक चमचा सिरप चार चमचे गार पाण्यात घालून पिऊन बघा. नुसतं गोड लागलं (अननस, आंबा, पिकला पेरू) तर लिंबू पूर्ण मापाने घ्या आणि सिरप थोडं कमी करा. तेच पाणी प्यायला मस्त आंबटगोड सरबत लागलं तर लिंबू अर्ध्यावर आणा. आणि तोंड वाकडं झालं तर सिरपातच साखर कमी आहे, तिथे कॉकटेलमध्ये काही करून उपयोग नाही, आधी सिरप दुरुस्त करा.

अजून एक युक्ती, घरी सगळ्यात जास्त कामाची हीच. आधी एकदा साध्या साखर-सिरपाचं ड्रिंक बनवा, ६०-२२-२२, आणि ती चव लक्षात ठेवा. मग पुढच्या ग्लासात सिरपाचं माप तेवढंच ठेवून अर्धं साधं आणि अर्धं फळाचं घाला. ११ मिली कोकम, ११ मिली साधं. यात गडबड झाली तरी छोटी होते आणि कुठल्या बाजूला झाली ते लगेच कळतं. बारमध्ये नवीन पोरांना आम्ही असंच शिकवतो, कारण पहिल्याच दिवशी पूर्ण फळाचं सिरप हातात दिलं तर महागडी जिन मोरीत जाते.

आता कोकम, यावर जरा जास्त बोलतो कारण ते आपलं आहे आणि लोक त्याचं विनाकारण वाट्टेल ते करतात. आपल्याकडे भिरंडं म्हणा किंवा रातांबे म्हणा, एप्रिल-मे मध्ये पिकतात, पाऊस लागला की संपलं. सिरप करायचं तर ताज्या फळाचंच करा. फळं धुऊन पूर्ण पुसायची, पाण्याचा थेंब राहता कामा नये, मग अर्धी कापून बिया आणि आतला पांढरा गर बाजूला. सालीच्या वाट्यांचं वजन करा आणि दीडपट साखर घ्या. वाटीत साखर भरायची आणि काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत एकावर एक रचायच्या, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात. रोज संध्याकाळी बरणी आत घ्या, एकदा हलवा, आणि ताटात पाणी घालून त्यात बरणी ठेवा नाहीतर मुंग्या तुमच्या आधी पिऊन जातील. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि गडद लालजांभळा रस सुटतो. गाळताना पिळू नका, नुसतं निथळू द्या, पिळलं की गढूळ होतं आणि तुरटपणा उतरतो. खाली न विरघळलेली साखर राहिली तरी बिघडत नाही. उरलेल्या साली टाकायच्या नाहीत, सोड्यात घाला नाहीतर अशाच खा.

उकळायचं नाही, हे ठासून सांगतो. कोकमाचा तो रंग उष्णतेने मरतो, जास्त वेळ आचेवर ठेवलं की तपकिरीकडे झुकतो आणि वास शिजवलेल्या जॅमचा येतो. ॲल्युमिनियम किंवा पितळेचं भांडं पण नको, आम्ल धातूला खातं. स्टील किंवा काच.

तुम्ही सोलं वापरलीत, ते चालतं, हंगाम नसताना दुसरं काय करणार. पण वाळवलेल्या सोलांना बहुतेक ठिकाणी मीठ लावलेलं असतं आणि त्यांच्याच रसाचे पुट दिलेले असतात, त्यामुळे ताज्या सालीपेक्षा आंबट आणि वरून खारट. १०० ग्रॅम सोलं घ्या, गार पाण्यात पटकन एकदा खळबळून काढा, मग ३०० मिली कडक गरम पाण्यात तीन-चार तास भिजवा. गाळून पाण्याचं वजन करा आणि त्याच्या दीडपट साखर घालून नुसती विरघळेपर्यंत गरम करा. तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या अर्धी साखर घातली, म्हणून ते सिरप झालंच नाही, ते गोडसर सोलकढीचं पाणी झालं. आणि कोणी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालायला सांगितलं तर ऐकू नका, आगळात मीठ इतकं असतं की त्याचं सिरप होत नाही. आगळ कढीला.

जिरं, हिंग, आलं हे सिरपात नको. सरबताला छान लागतं पण मग ते सिरप फक्त एकाच ड्रिंकला उपयोगी पडतं. जिरं हवं तर ग्लासाच्या कडेला मिठाबरोबर लावा.

बरं, फेणी. काजूच्या फेणीचा वास दांडगा असतो, तो लपवायला जायचं नाही, लोक तेच करायला जातात आणि सिरप वाढवत बसतात. माप कमी करा. व्होडका किंवा रम ६० घेता तिथे फेणी ४५ पुरते, आणि ४२-४३ टक्क्यांची दारू आहे ती, ४५ मिलीतही कमी नाही पडत. माझं कोकमाचं चालू माप असं: फेणी ४५, कोकम सिरप २५, लिंबू १०, चिमटीभर मीठ (सोलांचं सिरप असेल तर मीठ अजिबात नको), बर्फात हलवून उंच ग्लासात गाळायचं आणि वर ६० ते ९० मिली साधा सोडा. अननसाला मात्र फेणी ५०, लिंबू पूर्ण २५, सिरप फक्त २०, सोडा नको. अननस आणि काजू फेणी यांचं का जमतं देव जाणे, दोन्हीत तो पिकून अति झालेल्या फळाचा वास आहे म्हणून असेल, पण जमतं. आणि अननस हलवल्यावर वर आपोआप फेस धरतो, अंड्याच्या पांढऱ्याची भानगड करायला नको.

भट्टीवरून गराफांवातली (मोठ्या काचेच्या बुधल्यातली) फेणी आणलेली असेल तर तिचा कडकपणा प्रत्येक खेपेला वेगळा असतो, म्हणून आधी थोडी नुसती चाखा आणि मग ४० पासून वर जा. लेबलवाल्या बाटलीला ही कटकट नाही. २००९ साली काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून चांगल्या लेबलच्या बाटल्या दिसायला लागल्या, आणि २०१६ मध्ये सरकारने तिला वारसा पेय म्हटलं, पण खरं सांगायचं तर अजूनही गावातल्या माणसाला कोणाच्या भट्टीची चांगली ते लेबलपेक्षा जास्त माहीत असतं.

माडाची फेणी मिळाली, ती दक्षिणेकडे जास्त, तर लिंबवाल्या ड्रिंकला मला ती काजूपेक्षाही बरी वाटते. सौम्य असते, लिंबाला वाव देते. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज लोक पंच नावाच्या पेयासाठी गोव्याचा अरॅक शोधत फिरायचे, तो सुरेचाच (माडाच्या ताडीचाच) असायचा, त्यात लिंबू, साखर, पाणी, जायफळ. म्हणजे तुम्ही किचनमध्ये जे करताय ते आपल्या किनाऱ्यावरच्या दारूवर कधीच होऊन गेलंय, बाहेरून शिकायची गरजच नाही.

मार्च ते मे असेल तर फेणी सोडा आणि हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची हलकी दारू) घ्या. पण हुर्राकला वरचं माप लावू नका! ती १५ टक्क्यांच्या आसपास असते, बर्फात जोरात हलवली की नुसतं पाणी होतं. ग्लासातच बनवायची. ९० मिली हुर्राक, १५ कोकम सिरप, १० लिंबू, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, भरपूर बर्फ आणि थोडासा सोडा. लिम्का घालतात सगळे, मला माहीत आहे, मीही पितो, पण लिम्का घातली तर सिरप काढून टाका, दोन्ही घातलं की परत तुमचं वाढदिवसाचं सरबत. आणि हुर्राक टिकत नाही, हंगामातच संपवा, पावसात ठेवलेली हुर्राक कोणी दिली तर हात जोडून नको म्हणा. हलकी लागते म्हणून चार ग्लास जातात आणि मग लोक स्कूटर काढतात, ते करू नका, घरीच बसा. आणि २१ च्या खालच्या भाच्या-पुतण्यांना सोडा आणि सिरप, तेही छान लागतं.

लिंबाबद्दल थोडं. परदेशी रेसिपीत लेमन आणि लाईम दोन वेगळी असतात, आपलं कागदी लिंबू हे लाईम, पिवळं झालं तरी लाईमच, त्यामुळे निर्धास्त वापरा. फ्रीजमधलं लिंबू आधी बाहेर काढून ठेवा, ओट्यावर दाबून फिरवा, आडवं कापा. रस गाळून घ्या कारण बी रसात पडून राहिली की कडवटपणा येतो, आणि लिंबू पार चेपून शेवटचा थेंब काढायचा मोह नको, सालीतलं तेल जास्त उतरतं. सकाळी काढलेला रस रात्री वापरू नका, चार-पाच तासांत त्याची धार जाते. रस नेहमी मापाने, "एक लिंबू" हे माप नाही. मापाचा पेला नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं टोपण घ्या, त्यावर मिलीच्या रेषा असतात, धुऊन घ्या म्हणजे झालं.

मे मध्ये लिंबं महाग होतात तेव्हा साली फेकू नका. पिळायच्या आधी सहा-सात लिंबांची वरची हिरवी साल सोलण्याने पातळ काढा, पांढरा भाग नको, आणि १०० ग्रॅम साखरेत चुरगाळून झाकून रात्रभर ठेवा. सालीतलं तेल साखर ओढून घेते, सकाळी ओली सुगंधी साखर मिळते, ती १०० मिली पाण्यात किंवा लिंबाच्या रसात विरघळवा. वरच्या युक्तीतलं जे अर्धं साधं सिरप सांगितलं त्याच्या जागी हे पाण्यातलं घाला, मग बघा.

बाकी फळांचं पटकन. करवंदं, चीक असतो म्हणून पाण्यात नीट धुवा आणि उकळू नका, पेक्टिन इतकं असतं की बाटलीत जेली होते. जांभूळ, बी फुटू देऊ नका, आधीच तुरट असतं, जिनबरोबर फार सुंदर, आणि आता जिन गोव्यातच इतक्या बनतात की निवडायला वेळ लागतो. कैरीचं सिरप कोकमाच्या नियमाने, लिंबू अर्धं. करमलं (स्टारफ्रूट) आणि बिंबलं दिसायला छान पण त्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, किडनीचा त्रास असलेल्याला देऊ नका, मी तर सिरप करतच नाही त्यांचं. मानकुराद आंब्याचं सिरप करणाऱ्याशी मी बोलत नाही. तो खायचा.

बर्फ हा आपल्याकडचा लपलेला चोर आहे. गोव्यातल्या घरचा फ्रीजर म्हणजे बांगडे, सुंगटं, आणि त्यांच्या शेजारी उघडा बर्फाचा ट्रे. सगळं नीट केलंत तरी ड्रिंकला माशाचा वास. बर्फ झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जुना बर्फ फेकून नवीन लावा. बाहेर काढून ठेवलेला बर्फ दमट हवेत लगेच घामेजतो आणि ते पाणी तुमच्या ड्रिंकमध्ये जातं, म्हणून बाकी सगळं मापून झाल्यावर शेवटी बर्फ. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी, अर्धी बर्फाने भरून दहा-बारा सेकंद जोरात, बरणी हाताला बोचण्याइतकी गार झाली की थांबा. चहाच्या गाळणीतून गाळा. तासभर हलवत बसलं की चव येत नाही, पाणी येतं.

आता ते बूच. अननसाच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, सारखी साखर-सारखा रस या सिरपात त्याला खायला आणि जगायला दोन्ही मिळतं, आणि आपली दमट उष्ण हवा, म्हणून आंबलं. तुम्ही बाटली ओट्यावर ठेवली होती असं वाटतंय. अननस सोलून चाकू आणि पाट धुवा, मगच गर कापा. रस काढून शिजवण्यापेक्षा गराच्या फोडींवर तेवढीच साखर घालून झाकून फ्रीजमध्ये एक दिवस ठेवा, ढवळून गाळा, वास ताज्या फळाचा राहतो. बाटली दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, पूर्ण वाळवून. असं सिरप फ्रीजमध्ये आठ-दहा दिवसांत संपवायचं. जास्त दिवस हवं तर साखर दुप्पट करा, घट्ट सिरपात यीस्टला जगणं अवघड जातं, फक्त ड्रिंकमध्ये माप कमी करा. अर्ध्या लिटरला ३० मिली फेणी घालतात काहीजण, थोडी मदत होते, पण ओट्यावर ठेवायला ती परवानगी नाही. सगळ्यात सोपं म्हणजे फ्रीजरमध्ये छोट्या डब्यांत ठेवा, साखरेमुळे दगड होत नाही, चमच्याने काढता येतं.

तुमच्याकडे जे उरलंय त्याचं असं करा. कोकमाचं सिरप काट्यावर ठेवा, जेवढं भरेल त्याच्या दोन-तृतीयांश साखर त्यात घालून मंद गरम करून विरघळवा, गार करा, परत चार चमचे पाण्यात चाखा. खारट लागलंच तर ते सोडावाल्या लांब ग्लासासाठी ठेवा आणि वरून मीठ घालू नका. अननसाचं मात्र फेकायचं, वास चांगला येतोय म्हणून ठेवू नका, आणि फेकताना बाटली मोरीत धरून, तोंडावर फडकं टाकून, हळूहळू उघडा, आतला गॅस परत भरलेला असणार.